लेनीशी बोलायची भाषा

कोलशेतच्या रोझाला दोन भाषा येतात, असं गावात म्हणत. एक माणसांशी बोलायची आणि एक मेलेल्या पोरीशी बोलायची. म्हणणारे आवाज खाली करून म्हणत, पण त्यात खोटं काही नव्हतं.

रोझा शेतकरी घरातली. नवरा अँब्रोज खाडीत होडी चालवायचा. कोलशेतहून मीठ आणि गवत ठाण्याच्या बंदराला नेऊन टाकायचा. लग्नाला काही वर्षं झाली तरी घरात मूल नव्हतं. १८७३ चा पावसाळा सरता सरता अँब्रोजनं बातमी आणली की ठाण्याच्या वाटेवरच्या खाडीकाठच्या बंगल्यात बाईमाणूस हवंय. धुणं, शिवण, इस्त्री असलं काम. साहेब जर्मन, केर्न नावाचा. मुंबईतल्या एका पेढीसाठी तो सागाचं लाकूड विकत घ्यायचा आणि आठवड्यातले बरेच दिवस शहाडला उल्हास नदीच्या काठी ओंडके तपासण्यात घालवायचा. बंगल्यात त्याची बायको तेरेझ एकटीच असे. त्याच पावसाळ्यात त्यांची सहा वर्षांची मुलगी लेनी तापानं गेली होती. मातीला देऊन अजून दोन महिनेही झाले नव्हते.

रोझानं पहिल्या दिवशी बाईला पाहिलं तेव्हा ती व्हरांड्यात खुर्चीवर बसून खाडीकडे बघत होती. मोडक्या हिंदुस्थानीत तिनं काम सांगितलं. मग रोझाला जवळ बोलावून तिचा चेहरा नीट निरखला आणि विचारलं, "तुझे कान चांगले आहेत?"

रोझा म्हणाली, "हायेत, बाई."

"मग ठीक."

नोव्हेंबरात सांत मार्टिनचा सण आला. बाईनं बाजारातून लाल भोपळा आणवला, रोझाकडून तो आतून पोखरून घेतला, सालीला खिडक्या पाडल्या आणि आत पणती ठेवली. दिवेलागणीला दोघी तो भोपळा घेऊन बंगल्याभोवती फिरल्या. बाईनं दिव्याकडे बोट दाखवलं. "लाटेर्ने."

"लाटेरन," रोझा म्हणाली.

बाईनं मान हलवली. पुन्हा म्हटलं. पुन्हा. रोझाची जीभ कुठे लागते ते बघायला ती तिच्या तोंडापाशी वाकली, स्वतःच्या गळ्यावर रोझाची बोटं ठेवून घेतली. शब्द जमला तेव्हा बाईनं डोळे मिटले. त्या संध्याकाळी घोड्यावरच्या संताची गोष्ट झाली: थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्यानं आपला अर्धा झगा कापून दिला. त्या गोष्टीतून घोडा आला, झगा आला, थंडी आली. रोझाला वाटलं, बाई एकटी आहे, तिला आपल्या बोलीत बोलायला कुणीतरी हवंय. आपल्याला काय, चार शब्द शिकायला काही पडत नाही.

डिसेंबरच्या चार तारखेला बाईनं आंब्याची डहाळी तोडून पाण्यात ठेवली. तिच्या देशात हे चेरीच्या झाडाचं करतात, नाताळपर्यंत डहाळी फुलली तर वर्ष चांगलं जातं. दोन दिवसांनी सांत निकोलासचा सण. आदल्या संध्याकाळी बाईनं कपाटातून एक लाल चामड्याचा बूट काढला. इतका लहान, की रोझाच्या तळहातावर मावला. तो उंबऱ्याबाहेर ठेवून त्यात भुईमुगाच्या शेंगा आणि गुळाचा खडा घालायला सांगितला. सकाळी बूट रिकामा होता. बाई दिवसभर हसतमुख राहिली, दुपारी तिनं पियानोही वाजवला. रोझानं पहाटे येताना शेंग पळवणारी खार पाहिली होती. 

नाताळची डहाळी फुलली नाही; पानं गळली.

त्यानंतरचे दिवस मात्र रोझाच्या मनात कायमचे राहिले. नाताळ ते तीन राजांचा सण या बारा दिवसांत बंगल्यात धुणं वाळत घालायचं नाही, असं बाईनं बजावलं होतं. रोझा विसरली. दुपारी तिनं एक पांढरी चादर दोरीवर टाकली, आणि बाई अनवाणी धावत आली, चादर ओढून काढताना दोरीच तुटली. धाप लागलेल्या आवाजात, अर्धं हिंदुस्थानीत आणि अर्धं जर्मनमध्ये तिनं सांगितलं: जुनं वर्ष संपलेलं असतं आणि नवं नीट बसलेलं नसतं. मधे फट राहते. त्या फटीतून वाऱ्यावरचे स्वार जातात, त्यांच्या मागून मेलेली मुलं जातात. वाळत घातलेल्या चादरीत एखादं अडकलं तर त्या चादरीचं कफन होतं, घरातल्याच कुणाचं तरी.

"आणि अडकलं नाही तर?" रोझानं विचारलं.

"तर पुढे निघून जातं," बाई म्हणाली. चादर छातीशी धरून ती बराच वेळ आकाशाकडे बघत उभी राहिली. ते मूल अडकावं असं तिला वाटतंय की जावं असं, हे रोझाला तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

वर्ष फिरलं आणि सण पुन्हा आले. लाकडी मुखवट्यांचा शिमग्यासारखा सण, ईस्टरची रंगवलेली अंडी, जूनमधला होळीसारखा जाळ, जो इथल्या पावसात धड पेटत नसे. दुसऱ्या वर्षी रोझा बाईशी सणांवर सरळ जर्मनमध्ये बोलू लागली. तारा, घंटा, मेणबत्ती, राजा, अंडं, मुखवटा, सगळं तिच्या तोंडात बसलं. पण एकदा तिनं मिठाचं भांडं उचलून याला काय म्हणतात असं विचारलं, तेव्हा बाई म्हणाली, "त्याची गरज नाही." डोकं दुखतं कसं म्हणायचं, भाकरी कशी मागायची, यातलं काहीच बाईनं शिकवलं नाही. रोझा ते साहेबांकडून ऐकून उचलू लागली की बाई खोलीतून बाहेर जायची.

१८७६ च्या ईस्टरच्या सुमारास पेढीनं केर्न साहेबांना परत बोलावलं. सामान बांधून झाल्यावर बाई रोझाला घेऊन ठाण्याला गेली, तलावाकाठच्या ख्रिस्ती देवळामागे, जिथं लेनीला पुरलं होतं. लहानसा दगड होता, त्यावर नाव होतं. बाईनं रोझाला दगडासमोर उभं केलं.

"बोल."

"काय बोलू, बाई?"

"ईस्टर आहे. तिला सांग, घंटा परत आल्या."

गुड फ्रायडेला घंटा मुक्या होतात, कारण त्या उडून रोमला गेलेल्या असतात आणि ईस्टरला परत येतात, असं त्यांच्याकडे मुलांना सांगतात. रोझाला ते ठाऊक होतं. तिनं दगडाकडे बघत जर्मनमध्ये सांगितलं. बाई डोळे मिटून ऐकत होती, जसं पहिल्या संध्याकाळी ऐकलं होतं.

"बरोबर," ती म्हणाली. "अगदी ती म्हणायची तसं." मग आजूबाजूच्या कबरींवरून हात फिरवला. "हे सगळे तुमचे लोक. तिला यांची भाषा येत नाही. मी गेल्यावर तिच्याशी कोण बोलणार? बाकीचे दिवस ती झोपेल. सणाच्या दिवशी मुलं झोपत नाहीत, रोझा."

अडीच वर्षांचं शिकणं कशासाठी होतं ते रोझाला तेव्हा कळलं. ती एक पाऊल मागे सरली. पण बाई दगडाला हात लावून वाट बघत उभी होती. रोझानंही दगडाला हात लावला आणि येत राहीन असं सांगितलं. निघताना बाईनं तो लाल बूट तिच्या ओच्यात घातला.

रोझानं शब्द पाळला. नोव्हेंबरात ती भोपळ्यात पणती लावून अँब्रोजच्या होडीतून ठाण्याला जाई, डिसेंबरात शेंगा नेई, जानेवारीत खडूनं दगडावर तीन राजांच्या नावांची अक्षरं काढी. आणि बोलत बसे. पहिल्यांदा तिला आपलाच आवाज परका वाटायचा. मग तसं वाटेना. उलट तिथून उठताना मागून कुणीतरी पदर धरून ठेवलाय असं वाटायचं, आणि ती आणखी थोडं बसायची.

अँब्रोजला हे आवडत नव्हतं. "मेलेल्या मान्साला हाक मारू नये," तो वल्हं मारता मारता म्हणायचा. "पाद्री मेलेल्यांसाठी मिसा करतो तो कनाला?"

"मिसा लॅटिनमंदी असते. ती लहान पोर हाय. तिला काय समजंल?"

अँब्रोज वल्ह्याला जोर लावी.

बाई मायदेशी गेल्याच्या दुसऱ्या वर्षी रोझाला मुलगी झाली. तिचं नाव सेलेस्टीन. रोझा तिला कडेवर घेऊन कबरीपाशी जायची, मग बोट धरून. पोरगी दगडाशेजारी मातीत खेळायची आणि आईचे शब्द तिच्यामागून म्हणायची. त्यात रोझाला काही वावगं दिसलं नाही. तिला बरंच वाटलं.

सेलेस्टीन सहा वर्षांची झाली त्या साली, तीन राजांच्या सणानंतर, ती दुपारच्या झोपेतून उठून बसली आणि समोर बघत म्हणाली, "इ हा दुर्श्ट."

रोझा सूप पाखडत होती. तिचा हात थांबला. शब्दांची चाल ओळखीची होती, बाईच्या घरातली. पण हा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता.

"काय बोललीस?"

"इ हा दुर्श्ट."

"म्हंजे काय?"

"मला नाय ठाव."

"मंग तुला कोनी शिकवला?"

"ती बोलते," सेलेस्टीन म्हणाली आणि पुन्हा आडवी झाली.

त्यानंतर रोज तेच. कधी विहिरीवर, कधी देवळात मिसा चालू असताना. आवाज सेलेस्टीनचाच, पण म्हणताना ती ओठ जड झाल्यासारखे हलवायची. रोझानं तिला भाकर दिली, गोधडी दिली, तो लाल बूटही हातात दिला. दर वेळी पोरगी मान हलवायची. "ता नाय. ता नाय मागत ती." हळूहळू तिचं खेळणं सुटलं. अंग कोमट राहू लागलं. ओठांना भेगा पडल्या.

अँब्रोजनं एका सकाळी होडीचा दोर खुंट्याला बांधून टाकला. "आता ठान्याला जायाचा नाय," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "तिची पोर मेली. आपली जित्ती हाय. तिला तशीच ठेव."

रोझा गेली नाही. फाल्गुन लागला, तिकडच्या मुखवट्यांचा सण येऊन गेला, ती घरीच राहिली. पण सेलेस्टीन सुधारण्याऐवजी खंगत गेली, आणि ते तीन शब्द आता जागेपणीच नाही, झोपेतही पुटपुटू लागली. रोझाला वाटायचं, आपण दार लावलं खरं, पण आत कोण राहिलं आणि बाहेर कोण, ते न बघताच लावलं.

त्याच सुमाराला मुंबईहून एक जर्मन पाद्री ठाण्याला आल्याचं तिनं ऐकलं. अँब्रोज मीठ घेऊन गेला होता. शेजारणीला पोरीजवळ बसवून रोझा पायी ठाण्याला निघाली.

पाद्री वयस्क, दाढीवाला माणूस होता. देवळाच्या ओट्यावर बसून तो कुठलंसं बी तळहातावर घेऊन बघत होता. रोझानं त्याच्याशी जर्मनमध्ये बोलायला सुरुवात केली, आणि तो इतका चकित झाला की बी खाली सांडलं. तो भराभर काहीबाही विचारू लागला. त्यातलं तिला काहीच कळेना. ती एवढंच सांगू शकली की तारा आलाय, घंटा परत आल्या, झगा अर्धा कापला. पाद्री आधी मोठ्यानं हसला. मग त्याचं हसू ओसरलं.

तो मराठीत म्हणाला, "बाई, तू जर्मनीतल्या काळ्या अरण्याकडच्या मुलीसारखी बोलतेस. पाच-सहा वर्षांच्या. तिकडे मोठी माणसं अशी बोलत नाहीत. कुणी शिकवलं?"

"एका आईनं, फादर. मला एकच इचारायचा हाय. दुर्श्ट म्हंजे काय?"

"दुर्श्ट? तहान. इ हा दुर्श्ट, म्हणजे मला तहान लागली. तिकडचेच लोक असं म्हणतात. हाही तिनंच शिकवला?"

"नाय," रोझा म्हणाली. "हा माझ्या पोरीनं सांगितला."

"आणि तिला कुणी?"

  त्याऐवजी रोझानं आणखी एक शब्द मागून घेतला. पी, असं म्हणायचं तर काय म्हणायचं? पाद्रीनं सांगितला: "ट्रिंक."

परतताना ती बंगल्याच्या वाटेनं वळली. तिथं आता दुसरे साहेब होते, पण पाणी भरणारा भिवा जुनाच होता. फणसाखाली विडी ओढत बसला होता. रोझानं त्याला सरळ विचारलं, लेनी गेली तेव्हा काय झालं होतं.

भिवानं विडी विझवली. "डॉक्टरानं पाणी बंद केलेलं," तो म्हणाला. "मुंबईचा मोठा डॉक्टर. पाणी पोटात गेलं की उलटी व्हायची, म्हणून म्हणाला, थेंब द्यायचा नाही. बाईनं मला सगळे माठ मागच्या पडवीत न्यायला लावले, पोरीला दिसू नयेत म्हणून. पोरगी तीन दिवस एकच शब्द ओरडत होती. मला अर्थ कळत नव्हता, पण असं ओरडणं कशासाठी असतं ते कुणालाही कळतं. बाई पेला हातात धरून बसलेली. दिला नाही. शेवटी पोरगी ओरडायची थांबली, तेव्हा बाईला वाटलं उतार पडला."

"मंग?"

"मग काय. पेला तसाच भरलेला राहिला."

बाईनं सगळे सण शिकवले, पण पाण्याचा शब्द का शिकवला नाही, ते रोझाला आता उमगलं. त्या घरात त्या शब्दाला पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अँब्रोजला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग खुंट्याचा दोर सोडला, घरातलं पाण्याचं मडकं उचलून होडीत ठेवलं आणि सेलेस्टीनला गोधडीत गुंडाळून मडक्याशेजारी निजवलं.

कबरीपाशी ऊन पडलं होतं. माती चैत्राआधीच तडकली होती, दगडाच्या कडेनं भेगा गेल्या होत्या. आज कुठलाही सण नव्हता. रोझाकडे म्हणायला सणाचे शब्द होते, पण तिनं त्यातला एकही म्हटला नाही. मडकं तिरपं केलं आणि म्हणाली, "ट्रिंक, लेनी."

पाणी मातीत गेलं. रोझा ओतत होती आणि माती घेत होती; वर साचत नव्हतं, वाहतही नव्हतं. मडकं मोठं होतं. अँब्रोज टोपी काढून उभा होता. अर्धं रिकामं झाल्यावर त्यानं रोझाच्या हातांखाली आपले हात दिले. शेवटचं पाणी पडलं तेव्हा जमिनीतून हलकासा आवाज आला, कोरड्या मातीत पाणी मुरताना येतो तसा. अँब्रोजनं तो तसाच धरला. रोझानं कसा धरला, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

दोघं होडीपाशी परतली तेव्हा सेलेस्टीन उठून बसली. "आय, पानी दे," ती म्हणाली. घरच्या बोलीत. मडक्यात काहीच उरलं नव्हतं. अँब्रोज धावत जाऊन देवळाच्या विहिरीवरून घेऊन आला.

पोरगी हळूहळू माणसात आली. ते शब्द तिच्या तोंडून पुन्हा कधी आले नाहीत. उन्हाळा संपेस्तोवर ती इतर मुलींबरोबर खाडीच्या चिखलात निवट्या मासे पकडायला पळू लागली, आणि रोझानं तिला ठाण्याला न्यायचं कायमचं बंद केलं. स्वतः मात्र जात राहिली, भोपळा आणि शेंगांबरोबर पाण्याचा तांब्या घेऊन.

केर्न साहेब एकदाच परत आला, १८८७ मध्ये, शहाडच्या लाकडाचा काही जुना व्यवहार मिटवायला. केस पांढरे झाले होते. रोझा त्याला कबरीपाशी भेटली. बाई कशी आहे असं तिनं विचारलं. तो म्हणाला, आहे. घरातून बाहेर पडत नाही. स्वयंपाकघरातले सगळे पेले तिनं देऊन टाकले, दोघं वाटीतून पितात. मग त्यानं विचारलं, तिच्यासाठी काही निरोप आहे का.

रोझानं विचार केला. सांगितलं तर बाईच्या जखमेवरची खपली निघेल; न सांगितलं तर ती तशीच पेला धरून बसलेली राहील.

"बाईला सांगा," ती म्हणाली, "लेनी पानी प्यायली."

  साहेब खाली बसला, दगडावर कपाळ टेकलं, आणि रोझा लांब जाऊन देवळाच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तो निरोप पोचला का, बाईनं ऐकून काय केलं, हे इकडे कधीच कळलं नाही. रोझा पुष्कळ दिवस बोटीच्या टपालाची वाट बघायची. मग तेही सोडलं.

त्या पाण्यानंतर कबरीपाशी मागून पदर धरल्यासारखं तिला पुन्हा वाटलं नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण रिकामं वाटायचं. खाडीच्या वाटेनं जाताना ती मधेच थांबून कान द्यायची. वारा असायचा, मिठागरावर काम करणाऱ्या बायकांचे आवाज असायचे.

सेलेस्टीनचं लग्न कल्याणकडे झालं. अँब्रोज प्लेगच्या पहिल्या वर्षी गेला. रोझाच्या तोंडची जर्मन एकेक शब्दानं गळत गेली. आधी राजांची नावं, मग मुखवटे, मग अंड्यांचे रंग. शेवटच्या एका नोव्हेंबरात ती भोपळा घेऊन दगडापाशी बसली आणि तिला घोडेस्वाराची गोष्ट सुरूच करता येईना. शब्द शोधत ती बराच वेळ बसून राहिली. पणती फडफडत होती.

मग तिनं आपल्या बोलीत सुरुवात केली. सेलेस्टीनला मुलगा झाल्याचं सांगितलं. खाडीत यंदा जाळ्याला जिताडा लागत नाही म्हणाली, गुडघे दुखतात म्हणाली, अँब्रोजची होडी विकून टाकली म्हणाली. ऊन उतरेपर्यंत ती बोलत होती. नंतर तांब्यातलं पाणी मातीवर ओतून, दगडाला धरून उठली आणि घरच्या वाटेला लागली.